वाटून घेतलेली सडक

बस मला नाल्याच्या अलीकडे उतरवून निघून गेली आणि मागे धूळ राहिली नाही. मला आधी तेच खटकलं. आमच्या वेळी या सडकेवरून नुसती बैलगाडी गेली तरी मुरमाच्या तांबूस धुळीचा पडदा कितीतरी वेळ हवेत राहायचा, आणि तो खाली बसेपर्यंत आम्ही मुली ओढणीत नाक खुपसून, सायकलीचं हँडल धरून उभ्या राहायचो. आता सडक डांबरी आहे. रपटाही गेला. रपटा म्हणजे बिनकठड्याचा, बुटका, पाण्याला टेकलेला पूल. नाल्याला जरा पाणी चढलं की तो दिसेनासा व्हायचा. त्याच्या जागी उंच पूल झाला आहे आणि नाला दुसऱ्या कुणाच्या गावचा असल्यासारखा लांब खालून वाहतो.

वास तेवढा तोच. कुंवार महिना, म्हणजे आपला आश्विन, आणि दोन्ही अंगांना कापलेल्या सोयाबीनचे ढीग. ओल्या काडाचा कडवट, किंचित कुजका, उन्हानं तापत गेलेला वास. ज्याचं लहानपण या वासात गेलं नाही त्याला तो सोसायचा नाही. मी मात्र पुलाच्या टोकाशी उभी राहून तो छाती भरून घेतला. कित्येक वर्षांनी मी या सडकेवर पायी उभी होते.

आम्ही मूळचे देवासचे. पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते म्हणे. त्यातलं आमच्यापर्यंत पोचलं ते घरातली जुन्या वळणाची मराठी आणि पितळेची चार भांडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी पशु-औषधालयात होते. लोक त्यांना ‘ढोर डॉक्टर साहब’ म्हणत आणि आईला त्यातलं ‘ढोर’ फार लागायचं. त्यांची बदली कन्नौदच्या आत, आमलीपुऱ्याला झाली तेव्हा मी तिसरीत होते. शाळेत हिंदी, गल्लीत माळवी, आणि दिवेलागणीला आई पाटीवर मराठी अक्षरं गिरवून घ्यायची. अण्णांच्या शर्टाला टिंक्चरचा आणि गोठ्याचा असा मिळून एक वास असे. तो वास आला की मला समजायचं, अण्णा आले, आता जेवायला बसायचं.

गावात शाळा आठवीपर्यंत होती. नववीसाठी नांदोणीला जावं लागे, सहा किलोमीटर. त्या साली आमच्या गावातून नववीत गेलेल्या आम्ही सात जणी होतो. त्याआधी इतक्या मुली मिळून गावाबाहेर शिकायला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सरकारकडून सायकली मिळाल्या, सगळ्या एका रंगाच्या, म्हणून प्रत्येकीनं आपल्या हँडलला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. माझी पिवळी, संतोषची लाल. संतोष हे आमच्याकडे मुलीचंही नाव असतं. ती माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण. तिचे वडील, भेरूलाल काका, लोकांच्या शेतावर कामाला जात. त्यांच्या घरात आलेली पहिली गाडी म्हणजे ती सायकल. ती अंगणात ठेवायला त्यांचा जीव होईना, म्हणून घरात खाटेशेजारी उभी राहायची, आणि भेरूलाल काका कामावरून आले की आधी तिची घंटी एकदा वाजवून बघायचे.

आषाढातली ती सडक मी कशी सांगू? खाकऱ्याची, म्हणजे पळसाची, नवी पानं तळहाताएवढी झालेली. शेतांत सोयाबीनची कोवळी रांग. चाकाला चिखल लागला की सायकल जड व्हायची, मग काडीनं तो खरवडायचा, पुन्हा बसायचं. आम्ही सात जणी एकामागे एक जायचो आणि भादव्यात संजाचे दिवस जवळ आले की पुढचीनं एक ओळ म्हणायची, मागच्यांनी उचलायची. संजा म्हणजे पितृपंधरवड्यात भिंतीवर शेणानं आकृती काढून मुली जिची गाणी म्हणतात ती. घरच्या भिंतीपुढे म्हटलेलं गाणं निराळं आणि दोन्ही बाजूंना मोकळं रान असताना म्हटलेलं निराळं. इतक्या मोठ्यानं गायला आम्हाला आणखी कुठेच मिळत नव्हतं.

मग रपट्यावर एक मोटरसायकल उभी राहायला लागली.

तिच्यावर दोघे असत. आधी नुसते बघायचे. मग शिट्ट्या. मग गाडी रपट्याच्या मधोमध आडवी, म्हणजे आम्हाला उतरून एकेक करून त्यांच्या अगदी जवळून जावं लागे. ते काय बोलायचे ते मी आजही लिहिणार नाही. आम्ही गाणं बंद केलं. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं की शाळा सुटणार हे सातही जणींना न बोलता ठाऊक होतं. पण आमच्यातली सगळ्यांत लहान, कमला, एके संध्याकाळी आईच्या कुशीत रडली आणि गावाला कळलं. आठवड्याच्या आत सातही सायकली घरोघर भिंतींना टेकून उभ्या राहिल्या.

माझी सोय होती. धारला आत्या होती, तिथं कन्याशाळा होती. आई माझे कपडे पेटीतून काढून बघायला लागली. मी संतोषला सांगायला गेले तेव्हा ती ओट्यावर बसून गहू निवडत होती. तिनं एवढंच विचारलं की मी कधी जाणार. तिला बघायला पाहुणे येऊन गेल्याचं मला आधीच कळलं होतं. ती सुपातले खडे एकेक करून बाहेर टाकत राहिली. मला माझ्या धारची लाज वाटली. ती लाज अजून पुरती गेलेली नाही.

अण्णा त्या संध्याकाळी नांदोणीच्या चौकीवर गेले.

चौकी म्हणजे कौलारू दोन खोल्या, पुढे कडुनिंब, आणि एक दीवानजी, दोन शिपाई. हवालदाराला आमच्याकडे दीवानजी म्हणतात. यांचं नाव गेंदालालजी. धारकडचे, सरदारपूरच्या बाजूचे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, गुडघे दुखायचे, मिशा मात्र अगदी काळ्या. दुसऱ्या दिवशी ते चालत आमलीपुऱ्याला आले. चौपालावर, म्हणजे चावडीवर, लोक जमले. कुणी म्हणालं, दोघांना पकडून आणा आणि चार ठेवून द्या. दीवानजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग सरळ सांगितलं की त्यांच्याकडे माणसं दोन आहेत आणि गावं पुष्कळ. ते स्वतः दोन दिवस रपट्यावर उभे राहतील, तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी बंदोबस्ताला बोलावणं येईल आणि रपटा पुन्हा मोकळा. लोक चिडले. पोलीसच असं म्हणाला तर काय करायचं? काही जण उठून जायला लागले.

तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला. तो मला शब्दाशब्दानिशी आठवतो, कारण तो आम्हा मुलींकडे बघून विचारला होता.

“सवेरे दस बजे और शाम को साढ़े चार बजे, इस सड़क पे कौन-कौन रहता है?”

मोठ्यांना ते सांगता येईना. आम्हाला सगळं पाठ होतं. कुठल्या वळणावर कोण असतं, कोण कधी बैल सोडतं, कुणाचा कुत्रा भुंकतो. आम्ही सात जणी एकदम बोलायला लागलो आणि दीवानजी खिशातल्या वहीत लिहायला लागले. लिहून झाल्यावर म्हणाले, चला, दाखवा.

आणि तो म्हातारा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी आमच्याबरोबर ती सगळी सडक चालला. आम्ही सायकली हातात धरून मागेपुढे. प्रत्येक ठिकाणी ते थांबत, बसत, पाणी मागत. हुकूम त्यांनी कुणालाच केला नाही. आधी त्या माणसाचं काय चाललंय ते विचारायचे, आणि उठता उठता सांगायचे की एवढ्या तुकड्यावर दोन वेळा तुमची नजर असू द्या.

गावाच्या तोंडाशी सागरमलजींची चक्की होती. डिझेलचं इंजिन, त्याच्या धुराड्याला पत्र्याची टोपी, त्यामुळे ते चालू झालं की ‘कुक-कुक’ असा आवाज शेतं ओलांडून रपट्यापर्यंत जायचा. सागरमलजी सदा पिठानं पांढरे, भुवयासुद्धा. ते स्वतःच म्हणाले की मुली निघायच्या वेळी ते इंजिन लावतील, म्हणजे सडकेवर सगळ्यांना कळेल. आणि संध्याकाळी साडेचारला लावतील ते सातवी सायकल चक्कीपुढून गेल्यावरच बंद करतील. मधल्या वळणावर चिंचेखाली इस्माईल भियांचं, म्हणजे इस्माईलभाईंचं, पंक्चरचं दुकान. रबराच्या सोल्यूशनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास, पाण्याची काळी घमेली. इस्माईल भिया कमी बोलत. त्यांनी फक्त आपली बसायची पेटी फिरवून सडकेकडे तोंड केलं.

रपट्याजवळ राजूबाई बकऱ्या चारायच्या. विधवा बाई, जिभेची अशी तिखट की गावातले पुरुषही तिला वळसा घालून जात. चाळीस-एक बकऱ्या आणि हातात बाभळीची काठी. पोलिसाला बघून ती आधी थुंकली. कधीकाळी तिच्या बकऱ्या कोंडवाड्यात घातल्या होत्या आणि त्यांतल्या दोन तिथंच मेल्या होत्या. ते तिनं दीवानजींना शिव्यांसकट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. ते त्यांनी केलं नव्हतं. तरी दगडावर बसून सगळं ऐकलं, मध्ये बोलले नाहीत. तिचं झाल्यावर म्हणाले की बाई, चूक झाली होती. मग मुलींचं सांगितलं. तिनं होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, बकऱ्या हाकत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती रपट्यावर बसलेली होती, पाय नाल्यात सोडून.

धारला जाणं राहिलं. आईनं कपडे पुन्हा पेटीत ठेवले. रपट्यापासून नांदोणीपर्यंतचा शेवटचा तुकडा चौकीनं घेतला होता. दीवानजी नाहीतर एखादा शिपाई कडुनिंबाखाली उभा दिसायचा. मोटरसायकल दोनदा आली, थांबली, बकऱ्यांमध्ये अडकून हॉर्न वाजवत बसली आणि गेली. आम्ही हळूहळू पुन्हा गायला लागलो. राजूबाई आमचं गाणं चुकलं की ओरडून दुरुस्त करायच्या. त्यांना संजाची सगळी गाणी येत होती हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

ते सगळं तसंच चालत राहिलं असतं असं मला तेव्हा वाटायचं.

कुंवारात तिमाही परीक्षा झाल्या. शेवटच्या पेपरच्या दिवशी आम्ही सहा जणी पुढे निघालो. संतोषची वही बाईंकडे राहिली होती, ती घेऊन ती मागून येणार होती. रपट्याच्या अलीकडे तिची साखळी उतरली. ती चिखलात वाकून साखळी बसवत असताना मोटरसायकल आली. पुढचं मी पाहिलेलं नाही. संतोषनं सांगितलेलं आणि राजूबाईंनी सांगितलेलं, असं मिळून माझ्याजवळ आहे.

राजूबाईंनी सहा मोजल्या होत्या, म्हणून त्या घराकडे वळल्या नव्हत्या. त्यांना सडकेवर एकानं संतोषचं हँडल धरलेलं आणि दुसऱ्यानं तिचा हात धरलेला दिसला. त्या ओरडल्या नाहीत. बकऱ्यांना जी हाक घालायच्या तीच घातली. सगळा कळप चढण चढून सडकेवर आला, गाडीभोवती, माणसांभोवती, मेमे करत. त्या मधून राजूबाई गेल्या, संतोषच्या हातावरचा तो हात काठीनं झोडून सोडवला, आणि मोटरसायकलच्या पुढच्या चाकासमोर सडकेवर मांडी घालून बसल्या.

इकडे चक्की चालूच होती. आम्ही सहा जणी पुढून गेलो तेव्हा सागरमलजींनी बोटांवर मोजलं आणि इंजिन बंद केलं नाही. मला ती संध्याकाळ त्या आवाजानिशी आठवते. एरवी आम्ही पोचलो की आवाज थांबायचा आणि गावावर एकदम शांतता उतरायची, चुलींचा धूर दिसायला लागायचा. त्या दिवशी कुक-कुक, कुक-कुक थांबेचना. बायका दारात आल्या. शेतांत सोयाबीन कापणारी माणसं उभी राहिली. इस्माईल भियांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि मोपेड काढली. ते पोचले, त्यांच्या मागोमाग विळे हातात घेतलेली माणसं धावत पोचली. कुणी कुणाला मारलं नाही. इस्माईल भिया खाली बसले आणि दोन्ही चाकांची हवा सोडली. आयुष्यभर लोकांच्या चाकांत हवा भरणारा तो माणूस त्या चाकांशी हवा पूर्ण जाईपर्यंत बसून राहिला. मग दोघांना चालवत चौकीवर नेलं.

अण्णांबरोबर मीही गेले. संतोष बाकावर बसली होती, कुर्त्यावर साखळीचं काळं वंगण, हात मांडीखाली घातलेले. कडुनिंबाखाली माणूस मावत नव्हता. थोड्या वेळानं नांदोणीच्या एका मोठ्या घरचे दादा आले. त्या दोघांतला एक त्यांच्या नात्यातला होता. ते आवाज न चढवता बोलले. पोरं आहेत, समज देऊ, असं म्हणाले. मुलीचं नाव कागदावर आलं तर बदनामी मुलीचीच, असंही म्हणाले. भेरूलाल काका त्यांच्याच शेतावर कधीतरी काम केलेले. ते मान खाली घालून, पागोट्याचं टोक बोटांत पिळत उभे होते. मग दादांची नजर गर्दीवरून फिरली आणि अण्णांवर थांबली. हसून म्हणाले, “डॉक्टर साहब, आप तो नौकरी वाले आदमी हो.”

अण्णांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

दीवानजी खुर्चीवरून उठले. बाकाजवळ गेले आणि गुडघ्यांना हात लावत, कण्हत, संतोषच्या समोर उकिडवे बसले. तिच्या बापाला न विचारता तिला विचारलं. कन्नौदहून उद्या बाई अधिकारी येईल, सगळं तिलाच सांगायचं, इथं या लोकांपुढे काही बोलू नकोस, असं आधी समजावलं. मग म्हणाले, “तू बोलेगी तो लिखा जाएगा, बेटा. पर अकेली तेरी बात को ये लोग थका डालेंगे. देखने वाले चाहिए.”

संतोषनं मान वर करून म्हटलं, “मैं बोलूँगी.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि सगळ्यांकडे पाहिलं. मोजणारे सगळे तिथं होते. पण सडकेवर नजर ठेवणं वेगळं आणि मोठ्या घराविरुद्ध कागदावर नाव घालणं वेगळं. कोर्टाच्या खेपा, दिवसाची मजुरी बुडणं, उद्या त्याच दादांकडे बियाण्याला जायचं. कडुनिंबावर पोपट ओरडत होते तेवढाच आवाज. मी अण्णांच्या हाताकडे बघत होते. तो हात खिशातल्या पेनावर होता आणि हलत नव्हता.

मागून बकरीचा वास पुढे आला. राजूबाई लोकांना काठीनं बाजूला सारत टेबलाशी आल्या.

“अंगूठो कां लगाणो हे?”

दीवानजींनी शाईची डबी उघडली आणि कागदावर अंगठ्याची जागा दाखवली. अंगठा उठवल्यावर राजूबाईंनी तो लुगड्याला पुसला आणि दादांकडे एकदाही न बघता जाऊन संतोषच्या शेजारी बसल्या. मग इस्माईल भिया आले. मग सागरमलजी, कागदावर थोडं पीठ सांडलं, ते त्यांनी फुंकरून उडवलं. त्यानंतर अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चालत टेबलापाशी गेले. एरवी ते झरझर सही करत. त्या दिवशी पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. त्यांच्या मागे रांग लागली. विळे कमरेला खोचलेली माणसं, त्यांच्या बायका. दादा केव्हा निघून गेले ते मी पाहिलं नाही.

परतताना अण्णा सायकल हातात धरून चालत होते. रपटा ओलांडल्यावर म्हणाले, “बेटा, मला भीती वाटली होती. तुला दिसलं का?”

मी म्हटलं, “नाही अण्णा.”

ते खोटं होतं. मला दिसलं होतं, आणि म्हणूनच त्या दिवसापासून मला माझे वडील फार मोठे वाटायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाई अधिकारी आल्या, संतोषशी दार लावून बोलल्या. पुढे तारखा पडत राहिल्या. त्याचं अखेर काय झालं ते मला नीट माहीत नाही. ते दोघे मात्र त्या सडकेवर पुन्हा दिसले नाहीत. मला आठवते ती त्यानंतरची पहिली शाळेची सकाळ. पावणेदहाला चक्की सुरू झाली. आम्ही सहा जणी वेशीत उभ्या होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गल्लीतून आधी घंटी ऐकू आली. भेरूलाल काका संतोषची सायकल स्वतः धरून आणत होते, साखळीला नवं तेल, आणि संतोष त्यांच्या मागून दप्तर घेऊन. त्यांनी सायकल तिच्या हातात दिली आणि आम्हाला विचारलं की बायांनो, उशीर तर झाला नाही ना.

सातांतल्या सहा जणी दहावी झाल्या. कमलाचं लग्न मध्येच लावलं. तिथं सडक वाटून घेणारं कुणी नव्हतं, आणि ते मला सलतं. संतोष बारावीनंतर देवासला नर्सिंगचं शिकली, आता बागलीकडच्या एका उपकेंद्रात आहे. तिच्या हातून किती मुलं जन्माला आली ते तीच सांगू जाणे.

दीवानजींची बदली त्याआधीच झाली, आम्ही दहावीत असताना. निरोपाला नांदोणीच्या फाट्यावर दोन्ही गावं लोटली होती. गळ्यात झेंडूचे हार, हातात कुणीतरी दिलेला तुपात बुडवलेल्या बाफल्यांचा डबा, मिशा तशाच काळ्या. ते बसच्या पायरीवर उभे राहून गर्दीत कुणाला तरी शोधत होते. राजूबाई आल्या नव्हत्या. साडेचार वाजत आले होते आणि त्या रपट्यावर होत्या. हे कुणीतरी सांगितलं तेव्हा दीवानजी मान डोलावून आत जाऊन बसले.

माझी दहावी झाली आणि अण्णांना निमाडच्या टोकाला बदलीचा कागद आला. त्यामागे काय होतं ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढे शिक्षण, नोकरी, आणि शेवटी आत्याच्याच धारमध्ये मी शिक्षिका झाले. आता वर्गातल्या मराठी घरांतल्या मुलांनाही मराठी वाचता येत नाही, घरी बोलतात तेवढंच. मीही हिंदीतच शिकवते. पण या आठवणी हिंदीत लिहिता येईनात.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल मोहनखेड्याला नेली होती. पांढरं शुभ्र मंदिर, अनवाणी पावलांखाली गार फरशी. यात्रेकरूंच्या सामानाच्या खोलीशी एक म्हातारे गृहस्थ पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होते. मिशा पिकल्या होत्या, म्हणून दीवानजींना ओळखायला मला वेळ लागला. त्यांनी मला ओळखलं नाही. मी अण्णांचं नाव सांगितलं, नांदोणी सांगितली, सात सायकली सांगितल्या. ते आठवत राहिले. मग एकदम विचारलं, “राजूबाई कैसी है?”

मला माहीत नव्हतं. मी एकदाही चौकशी केली नव्हती. मी खाली बघितलं. मी म्हटलं की तुम्ही आमच्यासाठी फार केलंत. ते हातातली गाठ मारत म्हणाले की त्यांनी काय केलं, त्यांच्याकडे माणसं दोनच होती. मग एका यात्रेकरूची पिशवी सापडत नव्हती, ते ती शोधायला आत गेले.

म्हणून मी आज इथं आले.

राजूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. हे मला पुलाजवळ टोपलीत जाम, म्हणजे पेरू, घेऊन बसलेल्या बाईकडून कळलं. पण ते नंतर. आधी तिनं मला बराच वेळ निरखलं. मी पुलाच्या टोकाशी उभी, हातात पिशवी, नांदोणीकडून येणाऱ्या सडकेकडे बघत. शेवटी ती उठून माझ्याजवळ आली आणि विचारलं, कुणाकडे आलात, इतका वेळ इथं का उभ्या. मी म्हटलं, मी इथलीच, ढोर डॉक्टर साहेबांची मुलगी. तिला त्याचं काही नव्हतं. ती लग्न होऊन या गावात आली तेव्हा आम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती माझ्यासमोरून हलली नाही. मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम. या सडकेवर मला कुणी संशयानं बघावं, यापेक्षा चांगलं स्वागत मला मागता आलं नसतं.

मुली यायला लागल्या. सायकली, दोन-तीन स्कूटी, युनिफॉर्मच्या ओढण्या उडत. बाई माझ्याशी बोलायची थांबली. तिचे ओठ हलत होते. मुली निघून गेल्या, तरी ती टोपलीकडे परतेना. मी राजूबाईंचं विचारलं ते तेव्हा. तिनं सडकेवरची नजर न काढता सांगितलं, आणि सांगितलं की त्या इथं, या दगडावर बसायच्या. तुला कुणी सांगितलं का इथं बसून बघायला, असं मी विचारलं. तिला प्रश्न कळला नाही. जाम विकते म्हणाली.

मग म्हणाली, “एक बाकी है.”

मीही थांबले. ऊन खाकऱ्यांच्या मागे गेलं. सोयाबीनच्या ढिगांवरून चिमण्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. खूप वेळानं वळणावरून एक सायकल आली. मुलगी दोन्ही हात सोडून, डोलत, आपल्याशीच मोठमोठ्यानं काहीतरी गात येत होती. पूल चढताना तिनं हँडल धरलं, उतरताना पुन्हा सोडलं, आणि आमलीपुऱ्याकडे निघून गेली. आम्हा दोघींकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.